वाळूला सोसेल इतका वेग

शेषराव निखाडे चहा कपानंच प्यायचे, पण बशी मागून घ्यायचे. ती कपावर झाकायला. पेन खिशात उलटं लावायचे. कुणी 'अंदाजे' म्हटलं की कान खाजवायचे. फोन ठेवण्याआधी "ठेवू?" असं विचारायचे आणि समोरून उत्तर येईपर्यंत थांबायचे. डब्यातली पहिली पोळी दुसऱ्याच्या डब्यात टाकायचे, न विचारता. हात धुताना नळाचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबून धार लांब उडवायचे, ती कुठवर जाते ते बघायचे, मग गुमान हात धुवायचे. चूक सापडली की हसायचे. स्वतःची असली तर जरा जास्त.

अंकुरला हे सगळं माहीत होतं, कारण त्यांची टेबलं समोरासमोर होती. भिलाईजवळच्या कुम्हारीच्या यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत दोनच टेबलं. एकावर अंकुर रिगचे, म्हणजे बोअर पाडणाऱ्या यंत्रांचे, रोजचे रिपोर्ट नीट भाषेत लिहून काढायचा. दुसऱ्यावर शेषराव वेग काढायचे.

अंकुर नागपूरहून मराठी साहित्यात एम.ए. होऊन आला होता. वडील भिलाईच्या प्लांटात क्लार्क. मुलगा प्राध्यापक होईल असं त्यांना वाटे, पण जागा निघत नव्हत्या. बोअर पाडणाऱ्या कंपनीला लिहिता येणारा माणूस हवा होता. पहिल्याच रिपोर्टात त्यानं लिहिलं की खडकानं रात्रभर दाद दिली नाही. शेषरावांनी तो वाचला आणि म्हणाले, "पोरा, खडक काही दाद देत नसते. तो मीटर देते. किती मीटर झालं ते लिही."

"आणि दाद?"

"ती मी देतो. वाक्य झकास आहे. पण पाठवू नको."

तेव्हापासून ते काका झाले.

शेषरावांचे वडील रेल्वेत होते. गोंदियाहून बदली होऊन दुर्गला आले आणि इकडचेच झाले. शेषराव आयटीआय करून रिगवर हेल्पर म्हणून चढले, ड्रिलर झाले. पुढे पाठीनं दगा दिला. पाइप उचलणं बंद झालं, तेव्हा मालकांनी, म्हणजे भैय्याजींनी, त्यांना यार्डात बसवलं. बसवलं तर खरं, पण काम काय द्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. काम शेषरावांनी स्वतःच शोधलं. कुठल्या रिगवर कुठला बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, जाणार, त्याला केवढ्या नोझल लावायच्या, पंप किती जोरात चालवायचा, हे ते ठरवू लागले. आधी हे ज्याच्या त्याच्या मनावर चालायचं.

अंकुरला यातलं काही कळत नव्हतं. एकदा त्यानं विचारलं. शेषराव त्याला नळापाशी घेऊन गेले आणि अंगठ्यानं नळ दाबला. धार पार कंपाउंडच्या भिंतीवर गेली.

"पाणी तेवढंच आहे. नळातून जेवढं येऊन राहिलं तेवढंच. भोक लहान केलं का वेग वाढते. बस, इतकंच शास्त्र. बाकी गुणाकार-भागाकार."

मग त्यांनी बिट दाखवला. तीन दातेरी शंकू, आणि त्यांच्या मधल्या जागेत तीन भोकं. भोकात कठीण धातूची नळी बसवलेली, ती नोझल. रिगवरची पोरं तिला डोळा म्हणत. वरून पंप पातळ चिखल ढकलतो. तो पाइपातून खाली जातो, तीन डोळ्यांतून सुटतो, तळावर आदळतो, आणि फोडलेला चुरा घेऊन वर येतो. धार मंद असली तर माती दातांत बसते आणि बिट नुसता गरगर फिरतो. धार फार जोराची असली तर ती बोअरच्या भोकाची भिंतच खाते.

"म्हणून वेग काढावा लागते. पंप मिनिटाले किती लिटर टाकते ते घे. तिन्ही डोळ्यांचं तोंड किती, त्याची बेरीज घे. भागाकार कर."

पंप मिनिटाला हजार लिटर, डोळे दहा मिलिमीटरचे. अंकुरनं मोबाइलवर केला. सेकंदाला सत्तर मीटर आले. त्याला खोटं वाटलं.

"बरोबर आहे. ताशी अडीचशे किलोमीटर. राजधानीही लाजन."

"इतका?"

"खडकात इतका पाहिजेच. वाळूत मात्र सांभाळून. जे खडकाले मानवते ते वाळूले सोसत नाही. माणसाचंही असंच आहे म्हण. लिही बावा, तुमच्यात असं लिहितात ना?"

"लिहितात. म्हणून मी नाही लिहिणार."

शेषराव मनापासून हसले.

त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांनी यार्डाला लावली होती. बिट खाली सोडण्याआधी ड्रिलरनं फोन करायचा. शेषराव विचारणार, "डोळे किती उघडे?" ड्रिलरनं फोन कानाला लावूनच बिटापाशी वाकायचं, प्रत्येक डोळ्यात बोट घालायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं: एक, दोन, तीन. नुसतं 'तिन्ही उघडे आहेत' म्हटलेलं चालत नसे. पोरं कुरकुरायची. म्हातारा फोनवरून बोट घालायला लावतो म्हणून चेष्टा करायची. पण घालायची.

यात नरेश सगळ्यात पुढे. नरेश मेश्राम भंडाऱ्याकडचा. शेषराव ड्रिलर होते तेव्हा तो त्यांच्या हाताखाली होता. पाइप खाली सोडताना ब्रेक कसा धरायचा ते त्यांनीच त्याला शिकवलं. तो त्यांना गुरुजी म्हणायचा. कुम्हारीत भाड्याच्या दोन खोल्या, बायको, शाळेत जाणारी मुलगी. घरात कमावणारा तोच.

शिवनाथ नदीच्या काठी नरेशच्या रिगवर काम चाललं होतं. वर चिकट माती, खाली सुटी वाळू, त्याच्याखाली पाणी. शेजारचंच एक भोक आधी व्यवस्थित उतरलं होतं. माती संपली, वाळू सुरू होणार, तसा नरेशचा फोन आला. अंकुर समोरच होता. शेषराव हसत बोलत होते. नरेशच्या मुलीला भिलाईच्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला होता. कोणत्या शाळेत, बसचं काय, वह्या-पुस्तकं मिळाली का, सगळं विचारून झालं. मग शेषरावांनी पंपाचे ठोके मिनिटाला किती ठेवायचे ते सांगितलं, "ठेवू?" म्हणाले, आणि ठेवला.

डोळे त्यांनी विचारलेच नाहीत.

संध्याकाळी खबर आली. वाळू ढासळली. भिंत आत आली, पाइप अडकला. दोन दिवस ओढाताण केली, पाइप निघाला नाही. शेवटी तो मधूनच सोडवावा लागला. बिटासह खालचा सगळा भाग जमिनीतच राहिला, आणि भोक बुजवावं लागलं.

भैय्याजी पत्र्याच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच बोलले. ते आवाज चढवणारे नव्हते. "शेषरावजी, बोअर पाडून घेणाऱ्या पार्टीला उत्तर द्यायचं आहे. कारण एका वाक्यात पाहिजे. ज्याची चूक असेल तो या कंपनीत राहणार नाही. मी पोरांसमोर बोललो आहे. आता मागे हटता येत नाही."

"मले दोन-चार दिवस द्या."

"घ्या. पण वाक्य एकच. अंकुर लिहील."

त्याच संध्याकाळी भिलाईच्या पावर हाउस स्टेशनासमोर चहाच्या टपरीवर शेषराव आणि अंकुरला नरेश भेटला. तो मुद्दाम कुम्हारीहून बाइकवर आला होता. चहा घेतला, पण प्यायला नाही.

"गुरुजी, एक डोळा बंद होता."

शेषरावांनी आपला कप बशीनं झाकला.

"वरती माती लई चिकट लागून राहिली होती. दातात बसे. म्हणून मधात तुमाले फोन न करता एका डोळ्यात बूच ठोकलं, बाकी दोघांचा जोर वाढावा म्हणून. माती साफ झाली. मग वाळूत बी तोच बिट सोडला. बूच काढाचं इसरलो."

"गेज पाहिला नाही? दाब वर गेला असन."

"पाह्यला. पण तो आधीपासूनच वर होता. मातीत बी तेवढाच, वाळूत बी तेवढाच. मले वाटलं सगळं बराबर आहे."

अंकुरनं मनात भागाकार केला. तेवढंच पाणी, तीनऐवजी दोन तोंडं. सत्तरचे एकशे सहा.

"तुम्ही ईचारलं नाही, गुरुजी," नरेश म्हणाला. तक्रार नव्हती. नुसतं सांगितल्यासारखं. "ईचारलं असतं तर बोट घातलं असतं. बोट अडकलं असतं."

"हाव. मी ईचारलं नाही."

"भैय्याजीले सांगू नका. नोकरी जाईन. पोरीचं आत्ताच झालं."

"चहा पी. थंडा झाला."

नरेश गेल्यावर शेषरावांनी तिघांच्या चहाचे पैसे दिले. मग म्हणाले, "पोरा, तू साहित्यवाला. असं वाक्य सांग की खोटंही नको अन् नरेशही जायला नको."

अंकुरनं विचार केला. "नोझलमधून जाणाऱ्या द्रवाचा वेग अपेक्षेपेक्षा अधिक झाल्याने वाळूचा थर ढासळला."

"झाल्याने. कोण केला?"

"ते सांगायचं नाही. मराठीत सोय आहे."

शेषरावांनी कान खाजवला. "सोय चांगली आहे. पण वेग आपोआप होत नसते रे. कोणीतरी डोळे मोजते, कोणीतरी पंप चालवते. कोणीतरी इसरते, अन् कोणीतरी ईचारत नाही. तुझ्या वाक्यात एकही माणूस नाही. रिगवर चार होते अन् यार्डात एक."

अंकुरनं त्या रात्री आणखी वाक्यं केली. एकात बिट दोषी होता, एकात वाळू, एकात दोन्ही. सकाळी बसमध्ये दाखवली. शेषरावांनी सगळी वाचली, एकेकावर मान डोलावली, आणि मोबाइल परत दिला. "हात बसला आहे तुझा. पण खरं सांगू? मले वाक्याची चिंता नाही. मले माझीच चिंता लागली आहे."

"विचारलं नाही म्हणून?"

"ते तर आहेच. ते मी भैय्याजीले सांगणारच. पण दुसरी गोष्ट आहे. पंपाचा आकडा."

तो आकडा त्यांनी अंकुरला दुपारी समजावला. पंपाचा प्रत्येक ठोका किती लिटर टाकतो हे शेषरावांनी धरलं होतं ते जुन्या, झिजलेल्या पंपावरून. झिजलेला पंप थोडं पाणी मागे गळू देतो. पण या भोकाच्या आधी नरेशच्या रिगवर पंपाची आतली नळकांडी नवी बसवली होती. नवा पंप गळत नाही. त्याच ठोक्यांत जास्त पाणी टाकतो. मग हजार लिटर हे हजार होते की अकराशे, बाराशे?

"बाराशे असले तर तिन्ही डोळे उघडे असूनही वेग ऐंशीच्या वर गेला असता. अन् ही वाळू ऐंशीच्या वर टिकत नाही. म्हणजे नरेशनं बूच काढलं असतं तरी भिंत ढासळली असती. मग चूक माझी. पूर्ण माझी."

"आणि हजारच असले तर?"

"तर बुचाची. मग नरेश अन् मी, अर्धे अर्धे."

"काका, पण तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्यासाठी पंप नसते. मोजण्यासाठी असते."

मोजायचं कसं तेही त्यांनी ठरवलं. रिग बुधवारी यार्डात येणार होता. हजार लिटरची लोखंडी टाकी होती. पंपाचा पाइप टाकीत सोडायचा, तेच ठोके लावायचे, आणि टाकी किती वेळात भरते ते बघायचं. नळकांडी तीच, ठोके तेच. दुसरा कुठला पुरावा नव्हता. बुधवारी संध्याकाळी ते भैय्याजींना वाक्य देणार होते. ते कसंही असो, त्यात माणसं असणार होती. नरेशला त्यांनी फोनवर तसं सांगितलं. नरेश म्हणाला, "टाकी माह्या बाजूनं भरो." शेषराव म्हणाले, "टाकीले बाजू नसते. ठेवू?"

मंगळवारी सकाळी शेषराव बसला आले नाहीत. अंकुरनं फोन केला. त्यांच्या बायकोनं, ताराकाकूंनी, उचलला. आवाज अगदी सपाट होता. "आंघोळीले गेले ते बाहेरच आले नाहीत रे. दार तोडलं. डॉक्टर म्हणते, हार्ट. तू ये."

अंकुर गेला. दारात चपला होत्या, त्यात नरेशच्या होत्या. नरेश भिंतीला टेकून बसला होता. अंकुरला काय करावं सुचेना. त्यानं एका बाईला पाणी आणून दिलं. मग आणखी एकीला. मग सगळ्यांना. मग तो ताराकाकूंसमोर जाऊन बसला. त्यांनीच विचारलं, "खाल्लं का काही सकाळपासून?"

गुरुवारी भैय्याजींनी त्याला बोलावलं. ते खरंच दुःखी होते. डोळे लाल होते.

"बघ, बाबा. देवानंच रस्ता काढला म्हणायचं. लिहून टाक: शेषरावजींच्या गणितातली चूक. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? त्यांचे सगळे पैसे मी स्वतः घरी पोचवतो, एक पैसा अडणार नाही. कुणाची नोकरीही जायची नाही."

अंकुरनं विचार करायला वेळ मागितला. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाक्य तयार होतं, छोटं होतं, आणि व्याकरणात बसत होतं. कोणी मोजलं असतं तर ते कदाचित खरंही निघालं असतं. तेच तर कळत नव्हतं.

तो ताराकाकूंकडे गेला. सगळं सांगितलं. बुचाचं सोडून. ते सांगायचा त्याला हक्क वाटला नाही.

काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "त्याहीची चूक असन तर असू दे. माणूस होते. घरात बी लई चुका केल्या, मले माहीत आहे. पण त्याहीनं मोजली नसन तर दुसऱ्यानं कावून लिहाची? चूक असली तर मोजून असू दे."

"भैय्याजी म्हणतात, त्यांना आता फरक पडत नाही."

"मले पडते ना."

तिथून अंकुर कुम्हारीला नरेशच्या घरी गेला. नरेश अंगणात बाइक पुसत होता. पुसून झालेली बाइक पुन्हा पुसत होता. अंकुरनं भैय्याजींचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं, आणि काकूंचंही. नरेशनं फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही सांगून टाकाल?" त्यानं विचारलं.

"नाही. ते तुमचं आहे."

"बेस फसवलं तुम्ही साहित्यवाल्यानं," नरेश म्हणाला. मग थोड्या वेळानं, "चाला."

भैय्याजींच्या खोलीत नरेश खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच बोलला. बूच, माती, वाळू, गेज, सगळं. शेवटी म्हणाला, "गुरुजी म्हणत होते, मी ईचारलं नाही. पण न ईचारता बी मले डोळे पाहता येत होते. डोळे माह्या समोर होते. त्याह्यच्या नाही."

बोललेला शब्द भैय्याजींना मागे घेता येत नव्हता, आणि हा माणूस घालवायलाही जीव होत नव्हता. शेवटी त्यांनी नरेशला ड्रिलरचा हेल्पर केलं. पगार कमी. ब्रेकला हात लावायचा नाही. कधीपर्यंत ते सांगितलं नाही. नरेशनं मान डोलावली. बाहेर आल्यावर तो पायरीवरच बसला आणि म्हणाला, "पोरीची बस चालन. बाकी पाहू."

रिपोर्ट अंकुरनं लिहिला. वाक्य एक नव्हतं, दोन झाली. बिटाचा एक डोळा बंद होता आणि ड्रिलर नरेश मेश्राम यांनी तो उघडला नाही. बिट सोडण्याआधी शेषराव निखाडे यांनी डोळे विचारले नाहीत. भैय्याजींनी वाचून सही केली.

तिसरं वाक्य पंपाचं. ते लिहिता येत नव्हतं. अंकुरनं रिगवर विचारलं. रिग बुधवारी यार्डात आला खरा, पण त्या दिवशी यार्ड बंद होतं, सगळे शेषरावांकडे होते. आणि पुढचं काम बेमेतऱ्याकडे कडक दगडात लागलं होतं. दगडासाठी नळकांडी बदलली गेली. वाळूत चाललेली नळकांडी जुन्या लोखंडात गेली, आणि लोखंडाचा ट्रक रायपूरला. रिग चालवणाऱ्यानं हे सांगताना हात जोडले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शेषरावांच्या टेबलावरच्या कागदात दोन ओळी पूर्ण होत्या. तीन डोळ्यांचं तोंड. दोन डोळ्यांचं तोंड. तिसऱ्या ओळीत 'पंप, मिनिटाला' एवढंच होतं, आणि पुढे जागा.

हजार लिटरची टाकी यार्डाच्या कोपऱ्यात उभी होती. सोमवारी दुपारी शेषरावांनी ती समोर उभं राहून धुऊन घेतली होती, गाळ राहिला तर माप चुकेल म्हणून. झाकण उघडं होतं. पाइप तिच्यात कोणी सोडला नाही.